रात्रीचा गोड घास आणि बिनसाखरेचा कप

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले की घरातल्या फराळाच्या डब्यांचा आवाज बदलतो. चकली-चिवडा केव्हाच संपलेला असतो. उरतात ते बेसनाचे चार लाडू, तळाशी थोडी शंकरपाळी आणि कोणीतरी आणून दिलेला पेढ्यांचा पुडा. रात्रीची जेवणे होतात, आवराआवर होते, टीव्हीवर मालिका सुरू होते आणि साडेनऊच्या सुमारास स्वयंपाकघरातून झाकणाचा ‘टक्’ असा आवाज येतो. कोण उठले ते सर्वांना ठाऊक असते. पण विचारत कोणी नाही, कारण पुढची पाळी आपलीच असते!

गेल्या वर्षी याच सुमारास एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या पत्नी माझ्या दवाखान्यात आल्या. गुरुजींना आठ वर्षांपासून मधुमेह. हातात रक्ताचा ताजा रिपोर्ट आणि चेहऱ्यावर नाराजी.

“डॉक्टर, गोळ्या वेळेवर घेतो, भात निम्मा केला, रोज सकाळी चालतो. तरी शुगर उतरत का नाही?”

मी काही बोलायच्या आतच काकू म्हणाल्या, “रात्रीचं सांगा ना त्यांना! जेवण झालं की यांना गोडाशिवाय चैन पडत नाही. लाडू नाही मिळाला तर गुळाचा खडा. आता कोणीतरी सांगितलंय म्हणे, जेवणानंतर चहा घ्या, गोडाची इच्छा जाते. म्हणून रोज चहा करून देते.”

“साखर किती घालता?” मी विचारले.

“दोन चमचे. त्याशिवाय यांना चहा लागत नाही.”

गुरुजी हसले, मीही हसलो. पण रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, तो हा प्रकार. लाडू बंद झाला आणि तोच लाडू पातळ होऊन कपातून पोटात जाऊ लागला.

‘जेवणानंतर चहा घेतला की गोड खावेसे वाटत नाही’ हा सल्ला आजकाल बऱ्याच जणांच्या तोंडी ऐकू येतो. तो खरा की खोटा? माझे मत असे की, सल्ला चांगला आहे, पण अर्धाच सांगितला जातो. कोणता चहा, केव्हा आणि कोणी घ्यायचा, हे सांगितल्याशिवाय तो उपयोगाचा नाही. काही जणांना तर त्यापासून अपायच होईल.

तलफ पोटाची नव्हे, जिभेची

पोटभर जेवण झालेल्या माणसाला पुन्हा खावेसे का वाटावे? पोळी-भाजी पुढे केली तर तो “नको, पोट भरलं” म्हणतो. पण बासुंदीची वाटी आली की जागा होते! यात लबाडी नाही, शरीराची रचनाच तशी आहे. एकच चव पुन्हा पुन्हा खाल्ली की तिचा कंटाळा येतो, पण न खाल्लेल्या चवीची गोडी तशीच राहते. १९८०च्या दशकात शास्त्रज्ञांनी प्रयोग करून हे दाखवून दिले. निरनिराळ्या प्रकारचे अन्न माणसाच्या पोटात जावे म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. पूर्वी ती उपयोगाची होती. आज डबा हाताशी असल्याने ती अंगाशी येते.

दुसरे कारण सवयीचे. रोज एका ठरावीक वेळी, ठरावीक जागी, मालिकेच्या त्याच संगीताबरोबर तोंड गोड केले की मेंदू त्या वेळेची वाट पाहू लागतो. शाळेची घंटा झाली की पोरे दप्तर उचलतात, तसेच हे. तिसरे कारण म्हणजे दिवसभराची आबाळ. सकाळी नाश्ता नाही, दुपारी डबा अर्धवट, संध्याकाळी दुकानावर नुसता चहा आणि रात्री दहाला जेवण. अशा माणसाचे शरीर रात्री उट्टे काढते. त्याला माझे सांगणे, आधी दुपारचे जेवण नीट करा. डाळ, उसळ, दही, अंडी यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत असू द्या. नुसत्या चहाने ही भूक भागणार नाही आणि भागवूही नये.

आपल्या ताटाची जुनी रीत

जेवणाच्या शेवटी गोड खाण्याची रीत आपल्याकडे फारशी जुनी नाही. पुरणपोळी असो की श्रीखंड, आपले पक्वान्न ताटातच वाढले जाई आणि जेवणाबरोबर खाल्ले जाई. जिलेबीबरोबर मठ्ठा असे. जेवणाचा शेवट ताकभाताने होई. सुश्रुतसंहितेत भोजनाचा क्रम सांगताना मधुर रस आधी, आंबट व खारट मध्ये आणि तिखट, कडू, तुरट हे रस शेवटी घ्यावेत असे म्हटले आहे. जेवणानंतरचा विडाही तुरटच. अर्थात विड्यातली सुपारी आता कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत मोडते आणि तंबाखूबद्दल तर बोलायलाच नको. त्यामुळे विड्याकडे परत जा असे मी मुळीच म्हणणार नाही. पण शेवटी तुरट चव घेऊन जेवण संपल्याची खूण जिभेला पटवायची, यात मोठे शहाणपण होते.

बिनसाखरेचा चहा नेमके हेच काम करतो. चहाच्या पानातील टॅनिनसारख्या द्रव्यांमुळे तोंडाला तुरटपणा येतो, जिभेवरची आधीची चव धुतली जाते. गरम पेय घोट घोट घ्यायला दहा मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात तलफेचा जोर बहुधा ओसरतो. हातात कप असल्यामुळे हात डब्याकडे जात नाही. उपयोग होतो तो एवढ्यासाठीच. चहामुळे रक्तातली साखर आपोआप उतरते, चरबी वितळते असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नका. कपाचा फायदा त्या वेळी न खाल्लेल्या लाडवात आहे!

साखरेचा साधा हिशेब

आता दोन चमचे साखरेने असे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहू. चहाचा एक चमचा साखर साधारण ५ ग्रॅम धरली तर दोन चमचे म्हणजे १० ग्रॅम. रोज रात्री १० ग्रॅम म्हणजे वर्षाला साडेतीन किलोहून अधिक साखर, तीही फक्त त्या एका कपातून.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर, मध, पाक वगैरे सर्व मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावे. ५ टक्क्यांपर्यंत आणता आले तर उत्तमच. दिवसाला २००० उष्मांक घेणाऱ्या माणसाला १० टक्के म्हणजे सुमारे ५० ग्रॅम साखर झाली. आपल्याकडे दुकानदार, कारकून, शिक्षक, ड्रायव्हर यांचे दिवसाला पाच चहा सहज होतात. पाच कप गुणिले दोन चमचे, म्हणजे झाले ५० ग्रॅम. मर्यादा चहातच संपली. रात्रीच्या लाडवाचा हिशेब अजून व्हायचाच आहे!

“मग गूळ चालेल ना? मध चालेल ना?” हा प्रश्न रोज कोणीतरी विचारतेच. गुळात थोडे लोह आणि खनिजे असतात हे खरे, पण तो मुख्यतः साखरच आहे. रक्तातली साखर वाढवताना तो आपले खेड्यातले मूळ सांगत बसत नाही. साखर नसलेल्या गोड गोळ्यांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये असे सांगितले की, वजन कमी करण्यासाठी त्यांवर भिस्त ठेवू नये. हा सल्ला ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी नव्हता; त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे. पण जिभेला गोडाची सवय कायम राहते, हा माझा त्या गोळ्यांवरचा आक्षेप आहेच.

हे सगळे इतक्या पोटतिडकीने सांगायचे कारण म्हणजे मधुमेह आता शहरांपुरता राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील अंदाजानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर उभे आहेत. उंबरठ्यावरच्यांना परत फिरता येते. त्यातही संध्याकाळनंतर साखर हाताळण्याची शरीराची ताकद सकाळपेक्षा कमी असते. म्हणजे तोच लाडू दुपारी जेवणाबरोबर खाल्ला तर कमी त्रास देतो आणि रात्री जास्त. रात्री गोड खाऊन तसेच झोपले तर दातही किडतात, कारण झोपेत लाळ कमी सुटते.

रात्रीसाठी गवती चहा

आता कोणता चहा, ते पाहू. आपल्या नेहमीच्या चहा पावडरीत कॅफिन असते. शरीरात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे उतरायलाच साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला कडक चहा घेतला तर दोन वाजताही त्यातले निम्मे रक्तात फिरत असते. झोप उडते, आणि झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक व गोडाची ओढ दोन्ही वाढतात. म्हणजे आगीतून फुफाट्यात. म्हणून पावडरीचा कोरा चहा दुपारच्या जेवणानंतर तासाभराने घेतला तर ठीक. रात्री तो नको.

रात्रीसाठी आपल्या परसातला गवती चहा सर्वांत चांगला. त्यात कॅफिन नसते. नसेल अंगणात तर बाजारात जुडी मिळते. कुंडीतही तो उत्तम वाढतो. एक कप पाण्याला तीन-चार पाती कापून, ठेचलेले आल्याचे पेर आणि एक वेलदोडा घालून पाच मिनिटे उकळावे, झाकण ठेवून दोन मिनिटे मुरू द्यावे आणि गाळावे. आवडत असेल तर अर्धा चमचा बडीशेप टाकावी. बडीशेपेतले सुगंधी तेल जिभेला गोडसर लागते, पण ती साखर नव्हे. वेलदोड्याचीही एक गंमत आहे. पेढा, खीर, श्रीखंड या सगळ्यांशी त्याचा वास आपल्या मनात जोडलेला असतो. तो वास आला की साखर नसतानाही अर्धे समाधान होते.

सुरुवातीला हे पाणचट लागेल. म्हणून साखर एकदम तोडू नये. पहिल्या आठवड्यात दोन चमच्यांचा दीड करावा, पुढच्या आठवड्यात एक, मग अर्धा. जीभ दोन-चार आठवड्यांत सरावते. पुढे लग्नात किंवा हॉटेलात नेहमीचा गोड चहा घेतला तर तोच पाकासारखा लागतो, असा अनेकांचा अनुभव आहे.

भगिनींसाठी एक महत्त्वाची सूचना

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक! आपल्या भाकरीत, पालेभाजीत, डाळीत जे लोह असते, ते चहातील तुरट द्रव्ये पोटातच अडवून ठेवतात. पुदिन्यासारख्या काही पानांचा काढाही हेच करतो. म्हणून मुली, गरोदर माता, बाळंतिणी आणि अंगात रक्त कमी असलेल्या सर्वांनी जेवण आणि कोणताही चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावेच. लोहाची गोळी तर चहाबरोबर कधीच घेऊ नये. जेवताना वरणावर, भाजीवर लिंबू मात्र पिळावे. त्याने लोह अंगी लागायला मदत होते.

हा तास काढायचा कसा? आपल्या वडीलधाऱ्यांनी शतपावली सांगितली आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालले तर रक्तात चढणारी साखर कमी चढते, हे आता प्रयोगांनीही सिद्ध झाले आहे. जेवण, आवराआवर, शतपावली आणि मग कप, असा क्रम ठेवला तर तास केव्हा गेला ते कळतही नाही. पुरुषांनीही हाच क्रम पाळावा.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहितो, कोणी रागावू नये. ज्याला तलफ आली, त्याने स्वतः उठून पातेले ठेवावे. दिवसभर राबलेल्या बाईने रात्री साडेनऊला पुन्हा शेगडी पेटवायची आणि यजमानांनी बसल्या जागी कप घ्यायचा, हे पथ्य नव्हे. उठून पाती कापण्यात आणि पाणी उकळण्यात जी दहा मिनिटे जातात, त्यातच निम्मी तलफ विरते. ते औषध दुसऱ्याने घेऊन कसे चालेल?

यांनी जपून

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अचानक घाम सुटला, हात थरथरू लागले, छातीत धडधडले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गोड खावेसे वाटले, तर ती तलफ नव्हे. रक्तातील साखर धोक्याइतकी उतरल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी चहा उकळत बसू नये. ताबडतोब तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, बरे वाटले नाही तर पुन्हा घ्यावी आणि डॉक्टरांना कळवावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता त्याला दवाखान्यात न्यावे.

काढा गोड लागावा म्हणून काही जण ज्येष्ठमध टाकतात. रोज आणि भरपूर ज्येष्ठमध घेतल्याने रक्तदाब वाढू शकतो, बी.पी.च्या रुग्णांनी ते टाळावे. गुडमारचे पान चावले की काही काळ गोडाची चवच कळेनाशी होते, साखर मातीसारखी लागते, ही गोष्ट खरी आहे. पण मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर ते नियमित घेतल्यास साखर जास्त उतरण्याचा धोका आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. छातीत जळजळ, आंबट ढेकरा यांचा त्रास असणाऱ्यांनी रात्री पुदिना टाळावा. ज्या वयस्कर मंडळींना रात्री वारंवार लघवीला उठावे लागते त्यांनी अर्ध्या कपावर भागवावे. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या ज्या रुग्णांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी हा कपही त्या मापात धरावा. मुलांना तर पावडरीचा चहा नकोच.

गोड खाऊच नये काय?

खावे. सणाला, वाढदिवसाला, लेक माहेरी आली म्हणून, जरूर खावे. ज्याच्या घरी वर्षभरात पुरणपोळी होत नाही, ते घर कसले? पण ते ताटात घ्यावे, दुपारी खावे, चारचौघांत बसून खावे. मधुमेह असलेल्यांनी त्या दिवशी भात-पोळी तेवढी कमी करावी. माझा विरोध आहे तो रोज रात्री उभ्या उभ्या, डब्यात हात घालून, चव न घेता खाल्ल्या जाणाऱ्या गोडाला. त्यात ना सण असतो ना आनंद. असते ती फक्त सवय.

गुरुजींची गोष्ट राहिली. त्यांनी डबा वरच्या फळीवर ठेवला नाही, की बायकोला लपवायला सांगितला नाही. त्यांनी अंगणात गवती चहाचा एक ठोंब लावला. शतपावली झाली की विजेरी घेऊन चार पाती तोडतात, स्वतः उकळतात आणि दोन कप भरतात. काकूंनाही तासाभराच्या अंतराचा नियम पाळता येऊ लागला. तीन महिन्यांनी तपासले तेव्हा त्यांची सरासरी साखर उतरलेली होती. गोळ्या त्याच होत्या. “चहाचा गुण हो डॉक्टर!” गुरुजी म्हणाले. मी म्हणालो, “गुरुजी, चहाचा नव्हे, उठून पातेलं ठेवलंत त्याचा.”

वाचकहो, आज रात्री साडेनऊला झाकणाचा आवाज करण्याआधी गॅसवर कपभर पाणी ठेवून पाहा. पाणी उकळेपर्यंत थांबा. कप संपल्यावरही लाडू हवासा वाटला तर उद्या दुपारच्या ताटात घ्या. तो कुठे पळून जात नाही.